किल्ली आत आहे का

३ मार्च, सोमवार

माळा साफ करायला चढले आणि सहा खोकी खाली आली. तेव्हापासून घरात नाटक चालू आहे. बोलले की नवरा आणि मुलगी दोघं मलाच शहाणपण शिकवतात, म्हणून मुलीच्या ऑफिसातून फुकट आलेल्या या डायरीत लिहायला बसले. शिक्षण चौथी. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण कागद उलट उत्तर देत नाही.

खोकी खेळण्यांच्या कारखान्यातली. तिथे मी नऊ वर्षं पॅकिंगला होते. पत्र्याचं अस्वल, पोटाला ढोल, पाठीत किल्ली फिरवली की ढोल वाजवत गोल फिरायचं. तेवीस वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला, तेव्हा मालकाने शेवटच्या दोन महिन्यांच्या पगाराऐवजी आम्हाला ही खोकीच दिली. आम्ही सतरा जणी रस्त्याच्या कडेला बसून विकत होतो. उरली ती माळ्यावर गेली.

मी म्हटलं, भंगारात घाला. मुलगी ओरडली, "आई, थांब! सीलबंद आहेत ही! लोक वेडे होतात असल्या गोष्टींसाठी." फोटो काढून कुठेतरी टाकले तिने. संध्याकाळपर्यंत एका माणसाचा फोन. बुधवारी येतोय.

यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "तेवीस वर्षं त्या माळ्याखाली झोपतोय मी. एकदाही ढोल ऐकू आला नाही." यांना प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो. नोकरीत रात्रपाळीला बसून बसून तेवढंच शिकले.

५ मार्च, बुधवार

आला. चाळिशीच्या आतला, चांगला शिकलेला. इस्त्रीच्या टेबलावरची चादर मला उचलायला लावली, खिशातून पांढरे हातमोजे काढले, ते घातले आणि मगच खोक्याला हात लावला. मी मनात त्याचं नाव ठेवलं मोजेवाला.

खोकी उजेडात धरून फिरवली. मग म्हणाला, "मावशी, या मालात एक भानगड आहे. शेवटच्या महिन्यातल्या कितीतरी खोक्यांत किल्लीच नाही."

"नसली तर?"

"तर ते अस्वल नाही. डबा आहे."

"मग उघडून बघा की."

पोराचा गळा दाबायला सांगितल्यासारखा तो मागे सरकला. टेप फाटली की सगळं संपलं म्हणे. बंद खोक्याला जी किंमत, त्याच्या दहाव्या हिश्श्यालाही उघडलेलं कोणी विचारत नाही.

"आणि आत काय आहे ते कळायचं कसं?"

"तोच तर घोळ आहे. म्हणून मी पॅक करणारं माणूस शोधतोय. तुम्ही लिहून द्याल? की हे खोकं मी स्वतः बंद केलं, आत अस्वल, किल्ली, वापराची चिठ्ठी, तिन्ही आहे. खाली सही."

मी म्हटलं, त्यात काय. खोकं कोणाचं ते बाहेरूनच सांगते. आम्ही तपकिरी कागदी पट्टी ओल्या स्पंजवर फिरवून चिकटवायचो आणि टोक कात्रीने कापायचो. माझा काप उजवीकडे उतरतो. डावरीचा डावीकडे. ती डाव्या हाताने सगळं करायची म्हणून तिला डावरी म्हणायचो. सहातली तीन माझी, तीन तिची.

"तिची घेऊ नका," मी सांगितलं. "किल्ल्या तिनेच खाल्ल्या."

त्याने माझी तीन वेगळी ठेवली, तिची तीन माझ्याकडे सरकवली. शनिवारी पंधरा तारखेला कागद घेऊन येतो म्हणाला. तिन्हींचे मिळून जे सांगितलं त्यात माझ्या इस्त्रीच्या दुकानाला वाफेची मोठी इस्त्री येते. उजवं मनगट माझं गेलंय. डॉक्टर म्हणतो, लोखंडी इस्त्री उचलणं बंद करा नाहीतर हात बंद होईल. मी सही करणार.

६ मार्च, गुरुवार

मुलीने विचारलं, डावरीने किल्ल्या खाल्ल्या म्हणजे नक्की काय केलं. सांगितलं तिला.

डावरी माझ्या शेजारी बसायची. मी सेक्शनमध्ये सगळ्यात जलद. मला आगगाडी म्हणायचे. माझी चार खोकी होईपर्यंत बाकीच्यांची दोन. आणि ही बया माझी भरलेली खोकी, टेप लावायच्या आधी, उगाच उचकून बघायची. सारखी खुडबूड. मला असा राग यायचा! शेवटी मी सुपरवायझरला सांगितलं, हिला माझ्या शेजारून उठवा, माझं काम खोळंबतं. तिला पलीकडच्या रांगेत बसवलं. त्यानंतर महिनाभरातच कारखाना बंद. आणि आम्ही विकलेली खोकी गिऱ्हाईकं परत आणून आपटायला लागली. किल्ली नाही, किल्ली नाही. आमचा दोन महिन्यांचा पगार मातीत.

शेवटच्या दिवशी मी स्वतः डावरीच्या एप्रनच्या खिशात मूठभर किल्ल्या बघितल्या होत्या. सोळा जणींसमोर सांगितलं मी ते. ती म्हणाली, खाली पडलेल्या वेचल्या. खाली म्हणे! किल्ल्या काय झाडाला लागतात का?

पुढे बल्बच्या कारखान्यात आम्हाला सगळ्यांना घेतलं. तिला नाही घेतलं. तिच्यासाठी शब्द टाकायला कोण जाणार?

मुलगी म्हणाली, "मग तू तिला परत कधी भेटलीस?"

भेटायचं काय त्यात. बाजारात जिन्याखाली पिशव्या शिवत बसते. चेन, पट्टे वगैरे. मी पलीकडच्या रस्त्याने जाते.

८ मार्च, शनिवार

डोक्यात सारखं तेच. एक युक्ती सुचली. भाजीवाल्याच्या काट्यावर सहाही खोकी ठेवून बघितली. किल्ली नसेल तर वजन कमी भरेल. तर सहाही वेगवेगळी! मग आठवलं, आत कागदाचा कीस भरायचो, तो मुठीने. कोणाची मूठ मोठी, कोणाची लहान. हलवूनही कळत नाही, कारण किल्लीची पुडी खोक्याच्या तळाला चिकटवायची असते.

भाजीवाला म्हणाला, "ताई, अस्वल किलोवर देता का?" त्याचा काटा त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला.

९ मार्च, रविवार

मुलगी म्हणाली, "डावरीची तीन तर तो घेतच नाहीये. ती उघड की. तेवढीच खात्री होईल तुझी."

खात्री मला आहेच. पण म्हटलं, उघडू एक, म्हणजे हिचं तोंड बंद होईल.

इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. कात्री टेपखाली घातली आणि हात अडला. तेवीस वर्षं बंद असलेली वस्तू. हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "बाळंतपण आहे का?" मी टेप कापली.

अस्वल नवंकोरं. खाली पुडी. पुडीत किल्ली.

फिरवली. ढोल वाजवत टेबलभर फिरलं ते. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मी म्हटलं, एखाद्यात असणारच. सगळ्यांतल्या कशा काढेल ती? लगेच लक्षात आलं असतं.

१० मार्च, सोमवार

दुसरं उघडलं. किल्ली आहे.

११ मार्च, मंगळवार

तिसरं मी एकटी असताना उघडलं. किल्ली आहे, आणि पुडी नुसती चिकटवलेली नाही, वरून दोऱ्याने बांधलेली आहे. गाठ मारलेली. खोक्यामागे गाठ मारत बसली तर दिवसाला होणार किती? म्हणूनच ती कायम मागे असायची. सुपरवायझर तिला शिव्या द्यायचा आणि मला शाबासकी.

राग येतोय. कोणाचा ते कळत नाही. सांगायचं तर असं की तीन खोक्यांवरून काही सिद्ध होत नाही. ती दुसऱ्या कुठल्या खोक्यांतून काढत असेल. पण खोकं भरलं की टेप लागते. टेप लागल्यावर काढणार कशी?

माझी तीन खोकी कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप लावलं. का लावलं ते मलाच माहीत नाही. ती काही पळून जाणार नाहीत.

१२ मार्च, बुधवार

आज शाळेतल्या बाईंशी भांडण झालं. चार शर्ट दिले होते म्हणाल्या, गठ्ठ्यात तीनच निघाले. मी म्हटलं, तुम्ही तीनच दिले. त्या म्हणाल्या चार. गल्ली गोळा झाली. मी त्यांना स्वच्छ सांगितलं, "शाळेत शिकवता आणि चारपर्यंत मोजता येत नाही?" गेल्या बिचाऱ्या. डोळे भरले होते त्यांचे.

दुपारी चादर झटकताना यांना टेबलाखाली चौथा शर्ट मिळाला. घडी घातली आणि बाईंच्या घरी देऊन आले. मला नंतर कळलं. मी चिडले, गुपचूप कशाला दिलात, मला सांगायचं.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"काय म्हणजे? सांगितलं असतं बाईंना, की तुम्हीच नीट दिला नाहीत, खाली पडला."

हे हसले. मग म्हणाले, "घाईत पडतं गं खाली. कोणाचंही पडतं."

जेवले नाही मी.

१३ मार्च, गुरुवार

बाजारातून जाताना आज पलीकडच्या रस्त्याने गेले नाही. पाय गेले तिकडे गेले. जिन्याखाली बसली होती. केस पांढरे झालेत सगळे. डाव्या हातात दाभण. वर न बघता म्हणाली, "चेन आहे की पट्टा?"

"काही नाही."

तिने वर बघितलं. ओळखलं तिने मला. चेहऱ्यावर काही आलं नाही, रागसुद्धा नाही. परत खाली बघून शिवायला लागली. मागे एक बाई पिशवी घेऊन उभी होती, ती मला म्हणाली, "तुमचं झालं असेल तर सरका की जरा."

सरकले.

१४ मार्च, शुक्रवार

उद्या तो येणार.

हे म्हणतात, "तू स्वतः बंद केलीस ना ती खोकी?"

"हो."

"मग कर सही."

"पण आठवत कुठे आहे एकेक खोकं? दिवसाला शेकड्यांनी व्हायची."

"मग नको करूस सही."

"आणि मनगटाचं काय?"

"मग कर." असा माणूस आहे हा. याच्याशी भांडायचं म्हणजे उशीशी भांडायचं.

मुलगी म्हणाली, "आई, न उघडता सही केलीस तर त्याला कधीच कळणार नाही. तो कधीच उघडणार नाही ती. ज्याला विकेल तोही नाही."

म्हणजे फक्त मला माहीत नाही, एवढंच. आणि मला माहीत नसलं तर डावरी चोर राहते.

हे लिहून वाचलं. बरोबर लिहिलंय का ते कळत नाही.

१५ मार्च, शनिवार

अकराला आला. कागद छापूनच आणला होता, खाली माझ्या सहीसाठी रेघ. मोजे चढवले. माझी तीन खोकी टेबलावर. पेन माझ्या हातात.

मी सही करायला वाकले. नावाचं पहिलं अक्षर काढलं. कधी नव्हे ते चांगलं आलं होतं. तिथेच थांबले.

"मावशी, काय झालं?"

पेन ठेवलं, कात्री घेतली आणि पहिल्या खोक्याची टेप कापली.

तो असा ओरडला की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. "अहो, काय करताय! अहो मावशी!" हे धावत आले, त्यांना वाटलं माझा हात कापला.

अस्वल बाहेर काढलं. कीस काढला. तळाला बोट फिरवलं. चिकटवल्याची खूणसुद्धा नाही. कीस टेबलावर पसरून चाळला. चिठ्ठी सापडली. किल्ली नाही.

मग दुसरं कापलं. आता तो ओरडला नाही, नुसता डोक्याला हात लावून बसला. दुसऱ्यात किल्ली होती. अशी वाकडी चिकटवलेली की जरा धक्का लागला असता तर सुटली असती.

तिसऱ्याला हात घातला तर त्याने ते उचलून छातीशी धरलं. "हे नको. हे असंच द्या मला."

"मी सही करणार नाही. दोनातल्या एकात नाही, बघितलंत."

"सही नकोच आता. किंमत कमी देईन, पण असंच द्या. बंद आहे तोवर किल्ली आहेही आणि नाहीही. उघडलं की एकच काहीतरी राहतं."

मी म्हटलं, "बाळा, किल्ली असते किंवा नसते. मधलं काही नसतं." पण खोकं दिलं त्याला. नेऊ दे. ज्याला न बघता बरं वाटतं त्याने न बघता राहावं. देऊन गेला त्यात वाफेची इस्त्री येत नाही, मनगटाचा पट्टा येईल.

तो गेल्यावर हे माझ्याजवळ आले. मी म्हटलं, आता विनोद केलात तर बघा. त्यांनी नाही केला. कीस गोळा करत बसले.

मी एवढंच लिहिते. किल्ली माझ्या खोक्यात नव्हती.

१६ मार्च, रविवार

गेले. बिनकिल्लीचं अस्वल पिशवीत घालून, खोक्यासकट. तिच्यासमोर ठेवलं.

डावरीने उलटंपालटं केलं. पाठीतलं भोक बघितलं, खोक्यातली चिठ्ठी काढून बघितली. "तुझं आहे."

"कशावरून?"

"चिठ्ठी उलटी घातली आहेस. तू कायम उलटी घालायचीस."

मी उभीच होते. म्हटलं, "किल्ली नव्हती यात. तुझी तीन उघडली, तिन्हीत होती. एकात तर दोऱ्याने बांधलेली."

ती शिवत राहिली. एक पट्टा पुरा केला, दोरा दातांनी तोडला. "हे सांगायला तेवीस वर्षं लागली?"

"खोकी माळ्यावर होती."

"माळा कोणाच्या घरात होता?"

मी म्हटलं, "चुकले मी. मी बोलायला नको होतं."

"हे मला एकटीला सांगून काय उपयोग?" आवाज चढवला नाही तिने. "बोललीस तेव्हा सोळा जणी होत्या."

"त्यातल्या किती उरल्यात कोण जाणे!"

"मोज."

पुढचं गिऱ्हाईक आलं. तिने त्याची पिशवी घेतली आणि माझं अस्वल माझ्याकडे सरकवलं.

१८ मार्च, मंगळवार

मुलीने खटपट करून नऊ नंबर मिळवले. तीन जणी गेल्या, तिघींचा पत्ता नाही. नऊ आणि मी आणि डावरी. दुकान बंद ठेवलं आज. बाजारात जिन्याखाली स्टुलावर बसले, फोन मोठ्या आवाजावर टाकला. डावरी शिवत होती. म्हणाली, "मला ऐकू आलं पाहिजे."

पहिलीला काही आठवेना. तिने अर्धा तास गुडघ्याचं सांगितलं. मी तरी सांगून टाकलं, की डावरीने किल्ल्या घेतल्या नव्हत्या, मी खोटं बोलले होते. "बरं बरं," म्हणाली, "पण तू गुडघ्याला काय लावतेस?"

दुसरीची सून बोलली. सासूबाईंना ऐकू येत नाही. मी म्हटलं, कानात ओरडून सांगा. तिने सांगितलं. पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "कोणती किल्ली? दार उघडंच आहे."

तिसरी चिमणी. बारीक होती म्हणून चिमणी. आवाज अजून तसाच. "आगगाडी बोलतेस? जिवंत आहेस का गं?"

मी एका दमात सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "अगं, ते तर आम्हाला तेव्हाच माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुझ्या टेबलाखाली रोज मूठभर किल्ल्या सांडलेल्या असायच्या. डावरी शेजारी होती तोवर ती वेचून घालायची मागून, तू टेप लावायच्या आत. तिला तूच उठवलंस तिथून. मग कोण घालणार?"

"मग त्या दिवशी बोलली का नाही कोणी? पंधरा जणी होतात!"

"तुझ्या तोंडाला कोण लागणार, बाई? आणि खरं सांगू? पगार गेला होता. सगळ्यांनाच कोणावर तरी ओरडायचं होतं. तू नाव घेतलंस, आम्ही ओरडलो." मग म्हणाली, "आहे का गं ती कुठे?"

मी डावरीकडे बघितलं. तिने मान हलवली, नको म्हणून. मी म्हटलं, "आहे." आणि फोन ठेवला.

मी डावरीला म्हटलं, "तुला माहीत होतं? मी सांडते ते?"

"मीच तर वेचायचे."

"मग तेव्हा माझ्या तोंडावर का नाही म्हणालीस?"

दाभण थांबलं. "म्हटलं होतं. खाली पडलेल्या वेचल्या म्हणून. सगळ्यांनी ऐकलं, तुझ्याशिवाय."

मी काहीतरी बोलणार होते. काय ते आता आठवत नाही. चांगलं नसणार.

तिने दाभणात दोरा ओवला. डाव्या हाताने, एका फटक्यात.

"सहा राहिल्यात," ती म्हणाली. "पुढचीला फोन लाव."

लावला.